केतकीनं विचारलं

"तिला कारण तुम्हीच सांगा," वहिनी म्हणाली. "खोटं मी सांगणार नाही, आणि खरं सांगायला माझी जीभ रेटत नाही."

आई पोह्यांसाठी कांदा चिरत होती. तिनं विळी आडवी केली आणि पदरानं डोळे पुसले. "त्यात सांगायचंय काय? पाहुणे जाईपर्यंत शेटेकाकूंकडं खेळत बसायचं. पोरांना कारण लागतं होय?"

"केतकीला लागतं."

केतकी मागच्या दारातच उभी होती. आठ वर्षांची, दोन वेण्या, अंगात दिवाळीचा निळा फ्रॉक. आज घरात पाहुणे म्हणून तिनं तो आपल्या मनानंच काढून घातला होता. तिच्या दोन्ही घोट्यांवर, उजव्या हाताच्या बोटांवर आणि ओठाच्या एका कडेला कोडाचे पांढरे डाग होते. ओठाजवळचा नवा होता, त्याच पावसाळ्यात उमटलेला.

"आज्जी, मी का जायचं शेटेकाकूंकडं?"

"गर्दी होईल गं बाळ. आत्याला बघायला माणसं येणार."

"तीनच येणार आहेत. बाबा म्हणाले." तिनं आपल्या घोट्यांकडं बघितलं. "माझ्या डागांमुळं का?"

आई कांद्याकडं बघत राहिली. मी, म्हणजे तिची आत्या, साडीला पिन लावत होते, माझा हात तिथंच थांबला. आमच्या घरात असं कुणी कुणाला विचारत नसे. एखादी गोष्ट बोचत असली तर ती ताटाखाली सरकवून जेवायला बसायचं, हीच आमची रीत.

"हो," आई शेवटी म्हणाली. तिच्या तोंडून ते कसं निघालं, तिलाही कळलं नसावं.

केतकीचा चेहरा लहान झाला. तिनं नखानं फ्रॉकच्या झालरीचा दोरा ओढला. "बरं," ती म्हणाली. "जाते. पण मला आवडलेलं नाही." आणि गेली.

"बघितलंस?" आई वहिनीवर उसळली. "आठ वर्षांची पोर, तोंड बघ कसं चालतंय! तू शिकवलंस हे."

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. आम्ही मिरजेत सतारमेकर गल्लीच्या मागच्या बोळात राहत होतो. दुपारभर कुठून ना कुठून तारा जुळवल्याचा आवाज यायचा. वडील वारलेले. मल्लूदादा बियाणांच्या दुकानात कामाला. वहिनी, म्हणजे विशाखा, मूळची वेंगुर्ल्याची, डी.एड.ला मिरजेत मावशीकडं राहिली आणि दादानं तिच्याशी लग्न केलं. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि सून मासे खाणाऱ्या घरातली. आईनं तिला घरात घेतलं, पण मनात घेतलं नाही. केतकीच्या अंगावर पहिला डाग दिसला तेव्हा आईनं बोळातल्या सगळ्या बायकांना सांगितलं, "बाळंतपणाला माहेरी गेली होती ना. माशावर दूध प्यायली असणार." वहिनीनं ते ऐकलं. डॉक्टरांनी तसं काही नसतं म्हणून सांगितलं, तेही आईच्या समोर. पण आईनं आपलं म्हणणं सोडलं नाही, आणि तेव्हापासून दोघींत कामापुरतंच बोलणं उरलं.

वहिनीची मुलीशी बोलायची तऱ्हा मात्र मला विचित्र वाटायची. एकदा केतकी शाळेतून रडत आली. फुगडीला कुणी तिचा हात धरला नव्हता. मी म्हणाले असते, जाऊ दे, दुष्ट आहेत त्या पोरी. आई म्हणाली असती, हातमोजे घालत जा. वहिनीनं तिला पायरीवर बसवलं आणि विचारलं, "कुठं वाटतंय वाईट? पोटात की घशात?"

केतकी हुंदके देत विचार करायला लागली. "घशात."

"मग बस इथं. घसा मोकळा झाला की सांग."

दोघी नुसत्या बसून राहिल्या. पाचदहा मिनिटांनी केतकी उठली आणि म्हणाली, "उद्या मी विचारणार त्यांना, का नाही धरला म्हणून." आईनं कपाळाला हात लावला. "पोरीला रडायला शिकवतीया," म्हणाली. "अशानं पोर दगडासारखी व्हायची सोडून मेणासारखी होईल."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

पाहुणे जयसिंगपूरहून आले. मुलगा शिवानंद माळगे, त्याची आई आणि मावशी. शिवानंद एका शाळेत शिक्षक होता, अबोल, पण चांगला वाटला. मी खुर्चीवर खाली मान घालून बसले. आईनं सकाळीच मला बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोलायचं.

शिक्षण विचारून झालं, स्वयंपाक विचारून झाला. वहिनी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. शिवानंदच्या आईनं बशी घेता घेता सहज विचारलं, "मोठ्या मुलाला मुलं किती?"

"नाहीत अजून," आई म्हणाली.

वहिनीनं पुढची बशी उचलली होती, ती परत ट्रेमध्ये ठेवली. दादानं एकदम आईकडं बघितलं, पण तोंड उघडलं नाही. आणि त्याच क्षणी मला खिडकीत केतकी दिसली. आमची बैठकीची खिडकी बोळात उघडायची, आणि तिच्याखाली शेटेकाकूंच्या दाराची पायरी होती. केतकी त्या पायरीवर उभी राहून गजाला धरून आत बघत होती. तिनं ऐकलं होतं. तिचे ओठ थोडे उघडे राहिले होते, कुणी अचानक गार पाणी ओतावं तसे. मग ती दिसेनाशी झाली.

वहिनीनंही तिला बघितलं होतं. ट्रे टेबलावर ठेवून ती मुकाट्यानं आत गेली. मागच्या दाराची कडी वाजलेली मला ऐकू आली.

पाहुण्यांना त्यातलं काही कळलं नाही. मावशीनं पोह्यांचं कौतुक केलं. आई घाईघाईनं माझ्या शिवणाबद्दल सांगू लागली. माझ्या डोळ्यांपुढून मात्र ते गज हलत नव्हते. पोर बोळातून पळत सुटली असेल, मला वाटलं. कुठं गेली असेल? आता ही पोर पुन्हा आईकडं मान वर करून बघेल का?

थोड्या वेळानं पुढचं दार लोटलं गेलं आणि केतकी आत आली.

तोंड धुतलेलं होतं, केसांच्या बटा ओल्या होत्या. डोळे लाल होते आणि ते लपवायचा तिनं काही प्रयत्न केलेला नव्हता. मागून आतल्या दारात वहिनी येऊन उभी राहिली, चौकटीला धरून.

"तू कुणाची गं?" शिवानंदच्या आईनं विचारलं.

"मी केतकी. मी याच घरातली." तिनं दादाकडं बोट केलं. "हे माझे बाबा."

सगळ्यांच्या नजरा दादाकडं वळल्या. दादा घसा खाकरून म्हणाला, "माझी मुलगी आहे." त्या दुपारी पाहुण्यांसमोर तो पहिल्यांदाच बोलला.

आईचा चेहरा पांढरा पडला. मावशीची नजर एव्हाना केतकीच्या पायांवरून हातांवर, हातांवरून ओठांवर गेली होती. "अगं बाई," ती म्हणाली, "कोड का हे?" आणि तिनं आपला पदर मांडीवर ओढून घेतला.

"हो," केतकी म्हणाली. "पण ते दुसऱ्याला होत नाही. हात लावला तरी चालतं. बघा." आणि तिनं उजवा हात पुढं केला.

छोटासा हात. मावशीच्या आणि तिच्या मध्ये हातभर अंतर. आम्ही सगळे त्या हाताकडं बघत होतो. मला वाटलं, वहिनी आता पुढं येईल, पोरीला उचलून आत नेईल. वहिनी जागची हलली नाही. बाहेर कुणीतरी तार ताणत होतं, सूर चढत चढत गेला आणि थांबला. मावशीनं हात पुढं केला नाही. कुणीच केला नाही.

केतकीनं हात खाली घेतला. तिची हनुवटी थरथरली आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. पण ती पळाली नाही. "तुम्ही नाही लावलात," ती म्हणाली. "मला वाईट वाटलं." एखाद्यानं बाहेर ऊन पडलंय म्हणून सांगावं, तसं. आरोप नाही, कांगावा नाही. मग तिनं तळहातानं नाक पुसलं आणि शिवानंदच्या आईकडं वळून विचारलं, "माझ्यामुळं तुम्ही आत्याला नको म्हणणार का?"

मी पुष्कळ माणसं बघितलीत त्यानंतर. सभेत गरजणारी बघितलीत, मरणाला सामोरी जाणारीही बघितलीत. पण त्या निळ्या फ्रॉकमधल्या, रडत रडत उभ्या राहिलेल्या पोरीसारखं कुणी मला दिसलेलं नाही. ती दगडही नव्हती आणि मेणही नव्हती. तिला लागत होतं, तरीही ती उभी होती. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात, एकाच वेळी राहू शकतात, हेच मला तोवर ठाऊक नव्हतं.

शिवानंदच्या आईची बशी हातातच राहिली. "तसं नव्हे गं पोरी," ती अडखळत म्हणाली. वाईट बाई नव्हती ती. "आम्हाला एवढंच, की लपवाछपवी नको. आता तुला नाही म्हणून सांगितलं, मग मनात येतंच ना." ती आईकडं वळली. "मुलीला तर तसलं काही नाही ना, ताई?"

"छे, छे. बघताय की. हळदीसारखं अंग आहे."

केतकी तोवर आईजवळ गेली होती. जिनं तिला नाही म्हटलं होतं, तिच्याच शेजारी सतरंजीवर टेकली आणि दमलेल्या लेकरासारखी तिच्या मांडीवर हात ठेवून बसली. आईनं खाली बघितलं. तो डागांचा हात तिनं बाजूला केला नाही.

आणि मी बोलले.

"मला फिट येतात," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला. चौदाव्या वर्षापासून येत होत्या. रोज रात्री गोळी घ्यायची, ती देव्हाऱ्यातल्या विभूतीच्या डबीत ठेवलेली असायची. बोळात कुणालाही माहीत नव्हतं, अगदी केतकीलासुद्धा. फिट आली की आई मला आतल्या खोलीत ओढून दार लावून घ्यायची. शाळा सुटली ती त्यामुळंच. सगळ्यांना सांगितलं होतं, मुलीला शिवणाची आवड आहे. वहिनीला लग्नानंतर कळलं, तेव्हा ती मला एकदा म्हणाली होती, लीलाताई, सांगून टाका हो. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

"वर्षातून तीनचार वेळा येते," मी पुढं सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर थांबताच येईना. "गोळ्या चालू आहेत. मधेच दोन वर्षं आली नव्हती. शाळा त्यामुळंच सोडली. शिवण मला आवडत नाही."

शिवानंदनं त्या दुपारी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "कोणत्या डॉक्टरांकडं दाखवता?" त्यानं विचारलं. मी नाव सांगितलं. तो काहीतरी पुढं विचारणार होता, पण त्याची आई उठली. "कळवतो," ती म्हणाली. आम्हाला सगळ्यांनाच कळलं. जाताना शिवानंद चपला घालून दारात थांबला आणि एकट्या केतकीला म्हणाला, "येतो हं." केतकीनं मान हलवली.

ते गेल्यावर आई रिकाम्या बशांच्या मधोमध बसून राहिली. मला वाटत होतं, ती आता मारेल तरी किंवा ऊर बडवून घेईल. तिनं काहीच केलं नाही. दादा बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

मी स्वयंपाकघरात गेले तर वहिनी जमिनीवर, भिंतीला टेकून बसलेली. मी दिलेला पाण्याचा पेला तिनं न पिताच खाली ठेवला.

"माका वाटलां, चेडू आता कोसळतलां," ती म्हणाली. घाबरली की तिला वेंगुर्ल्याची बोली यायची, पोरीला ती चेडू म्हणायची. "मागच्या दाराशी माझ्या पोटात तोंड खुपसून केवढी रडली, लीलाताई. मी म्हटलं, चल, आपण दोघी तळ्यावर फिरून येऊ, पाहुणे जाईपर्यंत. तर म्हणते, नको, मी आत जाते. म्हटलं, कशाला? तर म्हणते, 'मी आहे ना.'"

तिनं पदर तोंडावर घेतला. "मी नाही हो हे शिकवलं. रडू आलं तर रड, आणि विचारायची लाज धरू नको, एवढंच सांगत आले. मी तिच्या जागी असते तर आत पाऊल टाकलं नसतं."

म्हणजे तीही माझ्यासारखीच दिपून गेली होती. जिनं तिला वाढवलं, तीसुद्धा.

मी बैठकीत परत आले तेव्हा केतकी बशांतले उरलेले शेंगदाणे वेचून खात होती. मी खुर्चीवर बसले. एकाएकी फार थकल्यासारखं झालं होतं. ती माझ्याजवळ आली.

"आत्या, फिट येते म्हणजे काय होतं?"

"बेशुद्ध होते मी. हातपाय झटकते."

"ते बाहेरून. तुला कसं वाटतं?"

दहा वर्षांत मला हे कुणी विचारलेलं नव्हतं. आईनं नाही, दादानं नाही. डॉक्टर किती वेळ आली, किती वेळा आली, एवढंच विचारायचे. मला उत्तर शोधावं लागलं.

"आधी एक वास येतो," मी म्हणाले. "जळक्या रबरासारखा. तो आला की कळतं, आता जाणार. तेवढ्यात फार भीती वाटते. मग काहीच नसतं. परत येताना अंग ठेचल्यासारखं असतं, जीभ चावलेली असते. आणि आपण कुठं आहोत, हे लोक कोण, काही कळत नाही."

"मग कसं कळतं?"

"ऐकू येतं आधी. डोळे उघडायच्या आधी."

"काय ऐकू येतं?"

मी आईकडं बघितलं नाही. "आज्जी माझं नाव घेत असते. लांबून, विहिरीच्या तळातून यावं तसं ऐकू येतं. तो आवाज धरून धरून मी वर येते."

केतकी एकचित्तानं ऐकत होती. मागे बशी सरकल्याचा आवाज झाला.

"तुला ऐकू येतं?" आई म्हणाली. "मला वाटायचं, तुला काही कळतच नसेल."

"येतं ऐकू. पण फार हळू येतं, आई. कधी कधी सापडतच नाही. मग मी आतच फिरत राहते."

मग आईनं जे सांगितलं ते सांगताना तिनं पदराचं टोक दोन्ही हातांनी पिळून धरलं होतं. "मी हळूच हाक मारते तुला. कानाशी तोंड नेऊन. मोठ्यानं मारली तर शेटेबाईला ऐकू जाईल म्हणून."

वहिनी दारात आली होती. तिनं खाली बसून बशा गोळा करायला सुरुवात केली. आईनं तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू दे विशाखा, मी घासते." तोवर आई तिला 'अगं' म्हणूनच बोलवायची. दोघींनी बशा अर्ध्या अर्ध्या उचलल्या. माशाची गोष्ट आईनं पुढंही कधी परत घेतली नाही, पण ती पुन्हा बोललीही नाही.

जयसिंगपूरहून नकार आला. आठवड्याभरात बोळाला सगळं कळलं, आणि काहीजणी आमच्या दारावरून जाताना पावलं झपझप उचलू लागल्या. केतकीला तो नवा खेळच झाला. कोण झपझप जातं आणि कोण थांबून बोलतं, ते ती पायरीवर बसून बघायची. कधी तिला वाईट वाटायचं, कधी हसू यायचं. मी रात्रशाळेत नाव घातलं. पुढं लग्नही केलं, जरा उशिरा, पहिल्याच भेटीत सगळं सांगून. केतकीचे डाग आता कोपरापर्यंत आणि निम्म्या चेहऱ्यावर पसरलेत. ती लहान मुलांची डॉक्टर आहे, आणि घाबरलेलं लेकरू आलं की म्हणे पहिल्यांदा विचारते, कुठं वाटतंय, पोटात की घशात?

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारनंतर महिन्याभरानं मला पुन्हा फिट आली. सकाळची वेळ होती, मी अंगणात कपडे वाळत घालत होते. जळक्या रबराचा वास आला, हातातली चादर सुटली, आणि मग काही नाही.

परत येताना आधी नेहमीसारखा अंधारच होता. मग आईचा आवाज आला. पण या वेळी तो लांबून आला नाही, शोधावा लागला नाही.

"लिले! ए लिले! ऊठ गं माझ्या बाळा! लिलेऽ!"

मी डोळे उघडले. आईनं मला आत ओढून नेलं नव्हतं. अंगणातच माझं डोकं मांडीवर घेऊन ती बसली होती. शेटेकाकू पाणी घेऊन धावत येत होत्या, समोरचे सतारवाले दारात येऊन उभे होते, आणि आई साऱ्या बोळाला ऐकू जाईल अशी, गळ्याच्या शिरा ताणून, मला हाका मारत होती.